बाद नोंदींतला धूमकेतू

इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळ फार्सेट नावाचं गाव आहे. ३ मे १९८३ च्या रात्री तिथे जॉर्ज अल्कॉक हे सत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक घरातूनच, खिडकीच्या बंद काचेआडून, द्विनेत्री दुर्बिणीने आकाश न्याहाळत होते. त्यांचा हा नेम वर्षानुवर्षांचा होता. हजारो ताऱ्यांच्या जागा त्यांना तोंडपाठ होत्या, आणि एखाद्या जागी ओळखीचा नसलेला ठिपका दिसला की तो त्यांना लगेच खटकायचा. १९५९ साली त्यांनी पाच दिवसांत दोन धूमकेतू शोधले होते, पुढे आणखी दोन. त्या रात्री काचेतून त्यांना एक धुरकट पुंजका दिसला. तो त्या जागेचा नव्हता. त्याच दिवशी जपानमध्ये गेनिची अराकी यांनाही तो दिसला.

धूमकेतूला शोधणाऱ्यांची नावं द्यायची, आणि नोंदीच्या क्रमाने द्यायची, अशी रीत आहे. त्यामुळे या धूमकेतूच्या नावात अल्कॉक शेवटी आले आणि अराकी मधे. पहिलं नाव माणसाचं नव्हतंच. ते होतं ‘आयरास’ या कृत्रिम उपग्रहाचं. आठ दिवस आधी, २५ एप्रिलला, पृथ्वीपासून ९०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या त्या यंत्राने हा धूमकेतू टिपला होता. प्रकाशाने नव्हे, उष्णतेने.

आयरास–अराकी–अल्कॉक हा धूमकेतू ११ मे १९८३ रोजी पृथ्वीपासून सुमारे ४७ लाख किलोमीटरवरून गेला. चंद्र आपल्यापासून जितका लांब आहे, त्याच्या बारापट अंतर. ऐकायला हे लांब वाटेल, पण १७७० साली लेक्सेलचा धूमकेतू येऊन गेला त्यानंतर इतक्या जवळून दुसरा धूमकेतू गेल्याची नोंद नव्हती. काळोख्या जागेवरून तो नुसत्या डोळ्यांनी दिसे. पूर्णचंद्राहून मोठा, कडा विरघळलेला असा तो ढगासारखा पुंजका होता आणि इतका वेगवान की दुर्बिणीतून थोडा वेळ पाहत राहिलं तर ताऱ्यांमधून सरकताना कळायचा. अरेसिबो आणि गोल्डस्टोन इथल्या रडारांनी त्याच्यावर लहरी सोडल्या आणि परत आलेले प्रतिध्वनी पकडले.

इतका ठळक पाहुणा यंत्राला आधी दिसूनही जगाला आठवडाभर उशिरा का कळला, याची गोष्ट आकाशातल्या हलत्या वस्तूंचा माग काढण्याच्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

१८०० साली लंडनजवळच्या स्लाव गावी विल्यम हर्शेल सूर्याचं निरीक्षण करत होते. युरेनसचा शोध त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वीच लावला होता. सूर्याकडे पाहताना डोळे भाजू नयेत म्हणून ते दुर्बिणीला वेगवेगळ्या रंगांच्या काचा लावत. त्यांना जाणवलं की काही काचांतून उजेड कमी येतो, पण ऊब जास्त लागते, आणि काहींतून याच्या उलट. रंगागणिक उष्णता वेगळी असते का? त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा टेबलावर पाडला आणि फुगा काळा केलेला तापमापक एकेका रंगात ठेवला. शेजारी, पट्ट्याच्या बाहेर, ताडून पाहण्यासाठी आणखी तापमापक ठेवले. जांभळ्या रंगात पारा २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यात सव्वातीन, तांबड्यात जवळजवळ सात. मग त्यांनी तापमापक तांबड्याच्याही पलीकडे सरकवला. तिथे टेबलावर काहीच दिसत नव्हतं, रंग नाही की उजेड नाही. पारा मात्र आणखी वर गेला.

हे अवरक्त किरण. त्यांची ओळख आपल्याला रोजच्या स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला की तवा आधी जसा काळा होता तसाच काळा दिसतो, पण त्याच्या चार बोटं वर तळहात धरला की तो तापलेला आहे हे न शिवता कळतं. डोळ्याला जे कळत नाही ते कातडीला कळतं. हर्शेल यांच्या टेबलावर तापमापकाने कातडीचं काम केलं.

सूर्याची ऊब मोजणं सोपं होतं. ताऱ्याची ऊब मोजायला पुढे जवळपास शंभर वर्षं लागली, आणि दूरच्या थंड वस्तूंची मोजणं त्याहून अवघड ठरलं. अडचण दुहेरी होती. एक म्हणजे हवेतली वाफ अवरक्त किरणांचा बराचसा भाग वाटेतच गिळून टाकते. दुसरी अडचण याहून चिवट. दुर्बीण स्वतः गरम असते. तिचा आरसा, तिची नळी, शेजारी उभा असलेला निरीक्षक, डोक्यावरची हवा, सगळं याच किरणांनी झळकत असतं. जमिनीवरून १० मायक्रॉनच्या तरंगलांबीत आकाश पाहणं म्हणजे भर दुपारी, तेही दिव्यांनी बनवलेल्या दुर्बिणीतून, तारे शोधण्यासारखं होतं.

यावर माणसांनी काय काय केलं, ते सांगावंसं वाटतं. कॅलिफोर्नियात जेरी नॉयगेबाउअर आणि रॉबर्ट लेटन यांनी घरगुती युक्ती लढवली. मोठा घासलेला आरसा परवडत नव्हता, तेव्हा त्यांनी परातीसारख्या तबकात पातळ इपॉक्सी ओतून ते संथपणे गरगर फिरवलं. फिरत्या द्रवाचा पृष्ठभाग आपोआप खोलगट होतो. तो तसाच घट्ट झाल्यावर त्यावर चकचकीत थर चढवला, आणि दीड मीटरहून मोठा आरसा तयार झाला. माउंट विल्सनवर बसवलेल्या या दुर्बिणीने १९६९ पर्यंत ५,६१२ उष्ण ठिपक्यांची यादी दिली. फ्रँक लो यांनी १९६१ साली जर्मेनियमचा अत्यंत संवेदनशील, द्रव हेलियमने थंड केलेला शोधक बनवला, आणि पुढे दुर्बीण विमानात घालून वाफेच्या वर नेली.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने फुग्यांचा मार्ग धरला. हैदराबादच्या केंद्रातून पातळ प्लास्टिकचे अवाढव्य फुगे सोडायचे. त्यांना १ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण टांगायची. वाफेचा थर खाली राहील इतक्या उंचीवर रात्रभर निरीक्षण करायचं. पहाटे दुर्बीण हवाई छत्रीने जमिनीवर उतरवायची, शोधून आणायची, दुरुस्त करून पुन्हा वापरायची. ताऱ्यांची जन्मस्थळं असलेल्या ढगांचे कितीतरी नकाशे या पद्धतीने तयार झाले. जपानी शास्त्रज्ञांचंही त्यात सहकार्य होतं. पण फुगा एका रात्रीचा सोबती. अख्खं आकाश पाहायचं तर हवेच्या पूर्णपणे बाहेर जायला हवं आणि तिथे महिनोन्‌महिने टिकायला हवं.

ते आयरासने केलं. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा हा सामाईक उपग्रह २५ जानेवारी १९८३ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडनबर्गहून सुटला. नॉयगेबाउअर आणि लो दोघेही त्याच्या शास्त्रज्ञांत होते. आरसा ५७ सेंटिमीटरचा, म्हणजे मोठा नव्हेच, पण संपूर्ण दुर्बीण अतिद्रव हेलियमच्या थर्मासमध्ये बसवलेली. तापमान निरपेक्ष शून्याच्या जेमतेम काही अंश वर. दुर्बिणीची स्वतःची झळक विझली, आणि आकाश प्रथमच खरोखर काळं झालं. हेलियम हळूहळू उडून जाणार आणि ते संपलं की काम थांबणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दहा महिन्यांचा शिधा बांधून पाठवलेला हा मुशाफिर होता.

आयरास छायाचित्रं काढत नसे. उपग्रह फिरे तसतसं आकाश त्याच्या ६२ शोधकांच्या ओळींवरून सरकत जाई, आणि एखादा उष्ण ठिपका गेला की शोधकात विजेची बारीक उसळी उठे. पण अंतराळातला एखादा वेगवान कण शोधकावर आदळला तरी तशीच उसळी उठते. मग खरं कोणतं? त्यासाठी नियम घातला होता. तोच ठिपका काही सेकंदांनी शेजारच्या शोधकावर दिसला पाहिजे. सुमारे १०३ मिनिटांनी पुढची फेरी झाली की पुन्हा त्याच जागी दिसला पाहिजे. काही आठवड्यांनी आणखी एकदा. तीनही परीक्षांत उतरला तर यादीत, नाहीतर बाद.

नियम उत्तम होता. ताऱ्यांसाठी, दूरच्या आकाशगंगांसाठी त्यात काही खोट नव्हती. ज्या वस्तू जागच्या हलतात त्या मात्र दुसऱ्या परीक्षेलाच नापास होत. लघुग्रह पुढच्या फेरीपर्यंत सरकलेला असे. धूमकेतू तर त्याहून पुढे. यंत्र त्यांना नीट पाहत होतं आणि मग शिस्तीने फेकून देत होतं.

लेस्टर विद्यापीठातल्या जॉन डेव्हिस आणि सायमन ग्रीन यांनी नेमकी ही फेकलेली रास मागून घेतली. मला हा या कहाणीतला सर्वांत सुंदर निर्णय वाटतो. नवं यंत्र नाही, नवा उपग्रह नाही, फक्त दुसऱ्याने नापास केलेल्या नोंदी पुन्हा वाचायच्या. पहिली परीक्षा पास आणि दुसरी नापास असे दोन ठिपके शेजारी शेजारी सापडले, तर कदाचित ते दोन नसून एकच असेल, मधल्या वेळात सरकलेला. आयरासची माहिती इंग्लंडमधल्या चिल्टन इथे उतरत असे. तिथून बाद नोंदी काढायच्या, त्या जोडून पाहायच्या, आणि वाट लक्षात आली की जमिनीवरच्या वेधशाळांना कळवायचं की अमुक ठिकाणी आजच पाहा, उद्यापर्यंत तो तिथे नसेल. हे सगळं १९८३ सालच्या संगणकांवर आणि टेलेक्सवर.

२५ एप्रिलचा तो ठिपका याच चाळणीतून वर आला. पण सुरुवातीला तो लघुग्रह असावा असा समज झाला, निरोपांच्या देवाणघेवाणीत वेळ गेला, आणि जाहीर घोषणा व्हायच्या आत अल्कॉक आणि अराकी यांच्या डोळ्यांनी त्याला गाठलं. यंत्र चुकलं नव्हतं. यंत्राला दिसलेलं माणसापर्यंत पोचवण्याची वाट तेव्हा नुकतीच पडत होती.

पुढच्या शोधाच्या वेळी ती वाट तयार झालेली होती. ११ ऑक्टोबर १९८३ रोजी ग्रीन आणि डेव्हिस यांना आणखी एक झपाट्याने सरकणारा ठिपका मिळाला. निरोप वेळेवर गेला आणि खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स कोवाल यांनी पुढच्याच रात्री तो दुर्बिणीने पकडला. कक्षा मोजल्यावर खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांना एक गोष्ट दिसली. दर डिसेंबरला मिथुन राशीतून ज्या उल्का बरसतात, त्यांची आणि या दगडाची कक्षा एकच होती. शंभर वर्षांहून अधिक काळ लोक त्या उल्का पाहत होते, पण त्यांचा उगम कोणाला सापडला नव्हता. उल्कांचे वर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात, आणि इथे तर धूमकेतू नव्हताच. होता तो सुमारे ५ किलोमीटरचा काळाकुट्ट लघुग्रह. सूर्याच्या इतक्या जवळ जाणारा की त्याचा पृष्ठभाग ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. सूर्याचा रथ आवरू न शकलेल्या ग्रीक पुराणातल्या मुलावरून त्याचं नाव फेथॉन ठेवलं. अंतराळयानाच्या निरीक्षणांतून शोधला गेलेला हा पहिला लघुग्रह. डिसेंबरच्या मध्यावर माळशेज किंवा भीमाशंकरच्या बाजूला गावदिव्यांपासून दूर जाऊन जे लोक रात्रभर उल्का मोजत बसतात, ते याच दगडाची धूळ जळताना पाहतात.

आयरासने दहा महिन्यांत इतरही पुष्कळ दिलं. सुमारे साडेतीन लाख उष्ण उगमांची यादी त्याने दिली. अभिजित तारा तर फक्त मोजमाप जुळवण्यासाठी निवडलेला होता. तो अपेक्षेपेक्षा जास्त झळकतो असं दिसलं, आणि त्याभोवती ऊबदार धुळीचं कडं असल्याचं कळलं. हेलियम २१ नोव्हेंबरला संपलं, तोवर आकाशाचा ९६ टक्के भाग पाहून झाला होता.

लघुग्रहांच्या बाबतीत अवरक्त निरीक्षणांचं महत्त्व केवळ ते सापडण्यापुरतं नाही. दृश्य प्रकाशात लघुग्रह म्हणजे एक चमकता ठिपका. तो किती मोठा आहे हे चमकेवरून ठरवता येत नाही. कोळशाचा मोठा डेपसा आणि खडूचा लहान तुकडा, दोघे दुरून सारखेच उजळ दिसू शकतात. काही लघुग्रह त्यांच्यावर पडलेल्या उजेडापैकी फक्त ४-५ टक्के परत टाकतात, काही ४० टक्क्यांपर्यंत. म्हणजे एकाच चमकेचे दोन दगड असले तर काळा दगड पांढऱ्याच्या तिप्पट रुंद असू शकतो, आणि तिप्पट रुंद दगडात सत्तावीसपट द्रव्य मावतं. पण काळा दगड जो उजेड परत टाकत नाही तो पितो, तापतो, आणि ती ऊब अवरक्त किरणांत बाहेर फेकतो. उन्हात कोळसा हाताला जास्त चटका देतो तो यामुळेच. ऊब मोजली की आकार हाती येतो. आयरासच्या नोंदींवरून पुढे दोन हजारांहून अधिक लघुग्रहांचे व्यास निघाले. पृथ्वीवर आदळू शकणारा दगड गावापुरतं नुकसान करील की जिल्हाभर, हे त्याच्या आकारावर ठरतं.

सव्वीस वर्षांनी, १४ डिसेंबर २००९ रोजी, ‘वाइज’ ही पुढची दुर्बीण गेली. आरसा ४० सेंटिमीटरचा, थंडीसाठी गोठवलेला हायड्रोजन, आणि शोधकांत आता लाखो सूक्ष्म घरं असलेल्या जाळ्या. दर ११ सेकंदांनी ती एक छायाचित्र टिपायची. अख्खं आकाश पाहणं हाच तिचाही मूळ उद्देश होता, पण या वेळी हलत्या वस्तूंची चाळणी आधीच विचारपूर्वक बसवली होती. एमी मेंझर यांच्या नेतृत्वाखालच्या या भागाला ‘निओवाइज’ असं नाव पडलं. आयरासच्या काळात दोन माणसं बाद नोंदींतून जे वेचत होती, ते आता नेमून दिलेलं काम झालं.

हायड्रोजन २०१० च्या सप्टेंबरअखेर संपला. चारपैकी दोन तरंगपट्ट्यांना मात्र अतिथंडीची गरज नव्हती, तेव्हा काम चालू राहिलं. याच निरीक्षणांतून पृथ्वीच्या कक्षेतच, तिच्या पुढे चालणारा पहिला सहप्रवासी लघुग्रह सापडला. २०११ च्या फेब्रुवारीत यंत्र झोपवलं.

त्याला उठवायची गरज का आहे, हे दोन वर्षांनी साऱ्या जगाला दिसलं. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड हवेत फुटला. झगमगाट पाहून माणसं खिडक्यांशी धावली, आणि धक्क्याची लाट मिनिटाभराहून अधिक वेळाने पोचली तेव्हा त्या काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. जवळजवळ १,५०० जण जखमी झाले. दगड सूर्याच्या बाजूने आला होता. जमिनीवरच्या कोणत्याही दुर्बिणीला तो दिसला नव्हता.

त्या वर्षाच्या शेवटी वाइजला ‘निओवाइज’ याच नावाने जागं केलं, आणि डिसेंबर संपायच्या आत तिने नवा लघुग्रह शोधला. मूळ योजना काही महिन्यांची असलेलं हे यंत्र आणखी दहा वर्षं चाललं. २७ मार्च २०२० रोजी त्याला जो धूमकेतू सापडला, तो नुसत्या डोळ्यांनी दिसला आणि निओवाइज या नावानेच घरोघर माहीत झाला. टाळेबंदीचे ते दिवस. जुलैच्या मध्यावर सूर्यास्तानंतर वायव्येला तो दिसत असे. महाराष्ट्रात तेव्हा आषाढ संपून श्रावण लागत होता, आणि कोकणात, घाटमाथ्यावर ढगांनी क्षितिज झाकलेलं. ज्यांना ढगांच्या फटीतून तो क्षणभर दिसला त्यांनी तो जपून ठेवला असेल, कारण तो पुन्हा येईल तो जवळजवळ ६,८०० वर्षांनी.

८ ऑगस्ट २०२४ रोजी निओवाइजला शेवटची आज्ञा पाठवली गेली. तोवर सूर्यमालेतल्या ४४ हजारांहून अधिक वस्तूंची १४ लाख ५० हजार मोजमापं झाली होती. सापडलेले नवे धूमकेतू २५. पृथ्वीच्या जवळून जाणाऱ्या तीन हजारांहून अधिक वस्तू पाहिल्या, त्यांतल्या २१५ पहिल्यांदाच. १ नोव्हेंबरला ते यंत्र वातावरणात शिरून जळालं. आयरास मात्र अजून वर फिरतो आहे, थंड आणि मुका. २९ जानेवारी २०२० रोजी पिट्सबर्गच्या वर तो १९६७ सालच्या एका निकामी उपग्रहाजवळून इतका निसटता गेला की रडारवाल्यांनी श्वास रोखून पाहिलं. जो दुसऱ्यांचा माग काढत होता, त्याचाच आता माग ठेवावा लागतो.

निओवाइज जळून दोन महिनेही झाले नव्हते, तोच २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या एका दुर्बिणीला ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह दिसला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. ज्या पट्ट्यात तो पडू शकला असता, तो पॅसिफिकपासून आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत पोचत होता, आणि त्या पट्ट्यातल्या शहरांत मुंबईचं नाव होतं. मराठी वर्तमानपत्रांतल्या त्या दिवसांच्या बातम्या आठवत असतील. काही दिवसांतच जमिनीवरच्या वेधांनी कक्षा नेमकी झाली आणि पृथ्वीचा धोका निवळला. पण दगड केवढा? दृश्य प्रकाशावरून उत्तर येत होतं ४० ते ९० मीटर, म्हणजे नक्की काहीच नाही. २६ मार्चला जेम्स वेब दुर्बिणीने तो अवरक्तात पाहिला. त्याची ऊब मोजली आणि आकडा आला सुमारे ६० मीटर. वेबच्या वेधांनी कक्षाही आणखी रेखीव झाली, आणि २२ डिसेंबर २०३२ लाच तो चंद्रावर आदळण्याची शक्यता जून २०२५ पर्यंत ४.३ टक्के निघाली.

वेब मात्र राखणीसाठी बांधलेली नाही. तिला कुठे पाहायचं ते आधी सांगावं लागतं. राखणीचं काम ‘निओ सर्व्हेयर’ ही नवी दुर्बीण करणार आहे. २०२७ च्या शरदापासून तिच्या उड्डाणाची तयारी आहे. आरसा ५० सेंटिमीटरचा, आयरासपेक्षाही लहान. हेलियम नाही, हायड्रोजन नाही, म्हणजे संपणारा शिधाच नाही. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, मोठ्या पडद्याच्या सावलीत ती आपोआप थंड राहील. आणि त्या पडद्यामुळे तिला सूर्याच्या बऱ्याच जवळपर्यंत नजर टाकता येईल, चेल्याबिन्स्कचा दगड ज्या बाजूने आला त्या बाजूला.